नव्या पुलाचं चित्र काढणाऱ्या भाचरासाठी आत्याचे कानमंत्र

बाळा, पुण्यात मुठेवरच्या नव्या पुलाचं जलरंगात चित्र काढायचं तुझ्या मनात आलंय हे ऐकून फार बरं वाटलं. पेठेतली निम्मी माणसं तो पूल रोज ओलांडतात, पण थांबून कुणी बघत नाही. पाटीवर छत्रपती शिवाजी पूल असं नाव आहे. १७ सप्टेंबर १९२३ ला तो खुला झाला तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव त्याला होतं, आणि शंभरी उलटली तरी आपण त्याला नवा पूलच म्हणतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, शनिवार-नारायण पेठांत पाणी शिरलं, घरंच्या घरं बसली. पूल मात्र उभा राहिला.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुझ्या चित्रात त्या पुलाला वजन आलं पाहिजे, आणि ते वजन रंगाचे थर चढवून येत नाही. जलरंग पातळच हवा. वजन येतं ते नीट बघण्यातून. दगड जड, हात हलका, एवढं जमलं की बाकीचं जमतं. आता एकेक सांगते.

१. पहिल्या दिवशी रंग नेऊच नकोस, वही आणि पेन्सिल ने — पेटी जवळ असली की हात शिवशिवतो आणि डोळे काम सोडतात.

२. दोन्ही काठांवर फिर, वरून बघ, खालून बघ, मग बैठक ठरव — नदीपात्रातून कठडा डोळ्यांच्या वर असतो, म्हणून त्याची रेघ लांब जाताना खाली उतरते. काठावर उंच उभं राहिलं की तीच रेघ जवळजवळ आडवी होते. एका जागेवरून सुरू केलेलं चित्र दुसरीकडून पुरं करायला गेलास की पूल वाकडा होणारच.

३. ऊन कुठल्या अंगावर आहे ते आधी बघ — लकडी पुलाकडच्या तोंडावर दुपारनंतर ऊन येतं, डेंगळे पुलाकडच्या तोंडावर सकाळी. ऊन समोरून असलं की दगड दिसतो, मागून असलं की कमानींचा आकार दिसतो. दोन्ही एका चित्रात मागू नकोस.

४. मार्गशीर्ष-पौषातली सकाळ नाहीतर संध्याकाळ गाठ — ऊन तिरपं असतं, सावल्या लांब आणि निळसर पडतात, आणि दगडाचा खडबडीतपणा आपोआप उठून दिसतो. भर दुपारी पूल सपाट दिसतो, त्यात तुझा दोष नाही.

५. बसल्याबरोबर सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाक आणि नंतर त्या बदलू नकोस — सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही. सावलीमागे धावला, त्याचा पूल हरवला.

६. कागद सावलीत येईल असा बस, टोपी घाल — उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, मग माणूस गडद रंग लावत सुटतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

७. पावसाळ्यात पात्रात उतरून बसू नकोस, हे मात्र दटावून सांगते — आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि वर घाटात पाऊस कोसळत असतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की पात्रातला रस्ता बघता बघता पाण्याखाली जातो. भोंगा वाजला, पोलिसांनी हाक मारली, तर चित्र सोडून आधी उठ. पावसाळ्यातला पूल काठावरूनच रंगव, लाल-तपकिरी पाण्यावर तो सुंदर दिसतो.

८. पुलाच्या पदपथावर बैठक मांडू नकोस — तिथून पूल दिसत नाही, नुसती रहदारी दिसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडथळा होतो.

९. पिण्याचं पाणी वेगळं, रंगाचं वेगळं, दोन्ही घरून ने — नदीचं पाणी रंगाला वापरायचा मोह धरू नकोस. आपल्या मुठेची आजची अवस्था तुला ठाऊक आहे, आणि त्या पाण्यातला गाळ कागदावर बसतो.

सामानाचं म्हणशील तर अप्पा बळवंत चौकात जाऊन एका दिवसात सगळं विकत घेता येतं, आणि तीच तर अडचण आहे. थोडं घे, पण कागदावर कंजुषी करू नकोस. कागद रडला की रंग हसत नाही.

१०. कागद निदान ३०० जीएसएमचा घे, सुती लगद्याचा मिळाला तर उत्तम — पातळ कागद ओला झाला की फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो आणि आभाळावर पट्टे उमटतात.

११. पूल ओलांडून शिवाजीनगरला हातकागद संस्थेत एकदा जाऊन ये — १९४० पासून तिथे हाताने कागद बनतो, आणि कागद कशाचा होतो हे बघितलं की त्याच्याशी वागणं बदलतं. पण प्रत्येक हातकागद जलरंगाला चालत नाही. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघ, तो लगेच आत जिरला तर त्या कागदाला खळ कमी आहे आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, त्यावर पसरणार नाही.

१२. रंग पाच-सहाच ठेव: अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सायना, यलो ऑकर, लाइट रेड आणि एखादा पिवळा — डबीत रंग कमी असले की चित्रातले रंग एकमेकांना ओळखतात. हिरवा विकत घेऊ नकोस, जलपर्णीचा आणि झाडांचा हिरवा मिसळूनच कर.

१३. काळा रंग घरी ठेव — आपला बसाल्ट काळा दगड म्हणतात खरा, पण सकाळी तो जांभळट, दुपारी करडा आणि पावसात निळा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळले की हे तिन्ही मिळतात: निळा जास्त घातला तर थंड दगड, तपकिरी जास्त घातला तर उन्हातला.

या अल्ट्रामरीनबद्दल एक गंमत सांगते. पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दापासून काढत आणि त्याची किंमत फार असे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने तयार झाला आणि मग साध्या माणसाच्या डबीत आला. त्याचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर आपोआप दगडाची कणी दिसते. जे काम रंग स्वतः करतो, ते ब्रशने करायला जाऊ नये.

१४. ब्रश तीनच ने: एक इंचाचा चपटा, एक मोठा गोल, एक बारीक गोल, आणि बारीक ब्रश शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत पिशवीतून काढू नकोस — तो हातात आला की माणूस एकेक दगड मोजायला लागतो.

१५. ब्रश पाण्यात उभा ठेवायचा नाही, कधीच नाही — टोक वाकतं आणि दांड्यातला लाकूडभाग फुगून पत्रा सैल होतो. धुऊन, टोक बोटांनी सरळ करून आडवा ठेव.

१६. पाण्याची दोन भांडी ठेव, एक ब्रश धुवायला, एक रंग कालवायला — एकच भांडं असलं की तासाभरात प्रत्येक रंगात थोडा चिखल जातो आणि आभाळ मळतं.

आता रेखाटन. इथे घाई केलीस तर पुढे रंग कितीही गोड लावलास तरी उपयोग नाही. तुला माहीत आहे का, आपल्या शनिवारवाड्यात १७९० च्या दशकात चित्रशाळा होती? सवाई माधवराव पेशव्यांचा आश्रय, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटचा पुढाकार आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. तिथले गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी चितारली. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. खांब, कमान, पायरी, सगळं नीट पारखून काढलेलं. आपल्याच पेठेतली ही विद्या आहे, ती अवघड म्हणून सोडू नकोस.

१७. पेन्सिल हात लांब करून धर आणि एका कमानीची रुंदी व उंची मोज, अंदाजाने अर्धवर्तुळ ओढू नकोस — मनातली कमान नेहमी जास्त गोल असते. डोळा सांगतो ते खरं, सवय सांगते ते उसनं.

१८. कमानीआधी खांब काढ, खांबांमधली अंतरं ठरव, मग त्यांवर कमानी टेकव — पूल बांधतानाही खांब आधी येतात. उलट केलंस तर शेवटची कमान कागदाबाहेर जाते आणि मग ती दाबून बसवावी लागते.

१९. तिरक्या बाजूने बघत असशील तर लांबच्या कमानी अरुंद होतात आणि त्यांची पोकळी मिटत जाते, हे नीट बघ — कमानीची जाडी एकाच कडेला दिसते. दोन्हीकडे दाखवलीस की पूल पुठ्ठ्याचा होतो.

२०. कमानीच्या दगडांचे सांधे कमानीच्या केंद्राकडे वळव, आडवे-उभे विटांसारखे ओढू नकोस — ते दगड पाचरीच्या घडणीचे असतात. प्रत्येक जण शेजाऱ्याला दाबतो, वरचा भार दोन्हीकडे वाहत खांबांत उतरतो, आणि म्हणून मधे आधार नसतानाही कमान पडत नाही. हे समजून ओढलेल्या चार रेघा न समजता ओढलेल्या चाळीस रेघांना भारी पडतात.

२१. सगळे दगड दाखवू नकोस; कमानीच्या कडेचे काही, खांबाच्या पायाशी काही, बस्स — बाकीचे बघणाऱ्याच्या डोळ्यांना घालू दे. सगळं सांगितलं की ऐकायला कुणी उरत नाही.

आता रंग. इथे माझं बोलणं जरा लांबेल, कारण पुलाला वजन इथेच येतं किंवा जातं.

२२. पहिला वॉश आभाळापासून पाण्यापर्यंत सलग टाक, पुलावरूनही जाऊ दे, फक्त उन्हातला कठडा आणि पाण्यावरची चकाकी कोरडी राख — एकाच हवेतला पूल आणि नदी एका वॉशने बांधली जातात. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. एकदा झाकला की परत मिळत नाही.

२३. फिक्यापासून गडदाकडे जा, आणि रंग डोळ्यांना हवा त्यापेक्षा थोडा चढा ठेव — जलरंग वाळला की फिका होतो. आज बरोबर वाटलेला दगड उद्या धूसर दिसतो.

२४. वॉश चमकत असेपर्यंत त्यात रंग सोड, पूर्ण वाळल्यावर वर दुसरा थर दे. मधल्या वेळी हात मागे घे — विरजण लागत असताना भांडं हलवलं की दह्याचं जे होतं तेच वॉशचं होतं, मधेच पाण्याचे फुटवे उठतात. चैत्र-वैशाखात पुण्याची हवा इतकी कोरडी असते की ही मधली वेळ चटकन निघून जाते. आषाढात तीच संपता संपत नाही. ऋतू बघून ब्रशात पाणी घे.

२५. कमानीच्या आतला अंधार एकसारखा भरू नकोस. वरच्या कडेला गडद, खाली पाण्याकडे येताना उजळ आणि किंचित उबदार कर — पाण्यावर पडलेलं ऊन उसळून कमानीच्या पोटाला लागतं. थोडा वेळ टक लावून बघ, दगडावर ते ऊन हलताना दिसेल. ही एक जागा जमली की कमान पोकळ होते आणि चित्रातून वारा वाहतो.

२६. सर्वांत गडद रंग खांब पाण्याला भेटतो तिथे लाव, आणि एकदाच, ठामपणे — वजन तिथे कळतं. वर कठड्यापाशी गडद रेघ मारलीस तर पूल हवेत लटकतो.

२७. खांबांवर पाण्याची पातळी उतरल्याच्या खुणा, ओलीचा पट्टा, चुन्याचे पांढरे ओघळ, सांध्यांत उगवलेलं पिंपळाचं रोप, हे बघ आणि त्यातलं एखाद-दुसरं घे — शंभर वर्षांचं वय असं दिसतं. पण सगळे ओघळ काढलेस तर पूल आजारी दिसेल.

२८. दगडाचा पोत कोरड्या ब्रशने आण. ब्रश फडक्याला टिपून आडवा धर आणि कागदावरून भरकन ने — कागदाच्या उंचवट्यांवर रंग लागतो, खळगे रिकामे राहतात. हे एका-दोन जागीच कर.

२९. प्रतिबिंब म्हणजे उलटा पूल नव्हे — पाण्यात गडद गोष्ट थोडी फिकी आणि उजळ गोष्ट थोडी गडद दिसते. शिवाय कमानीचं पोट काठावरून दिसतं त्याहून पाण्यात जास्त दिसतं, कारण पाणी खालून बघतं. प्रतिबिंबाच्या रेघा आधी सरळ खाली ओढ, मग ओल्या चपट्या ब्रशने एकदा आडवा हात फिरव.

३०. पाणी जिथे नाही तिथे प्रतिबिंब काढू नकोस — हिवाळ्या-उन्हाळ्यात मुठा एका बाजूला बारीक धार होऊन वाहते, बाकी पात्रात खडक, गवत, जलपर्णी. कॅलेंडरातली भरलेली नदी इथे आणून बसवलीस तर तो आपला पूल राहणार नाही. नदी आज जशी आहे तशी रंगव. तिचं दुःख लपवायचं काम चित्राचं नाही.

३१. तारा, फलक, मेट्रोचे खांब यांतलं काय ठेवायचं ते सुरुवातीलाच ठरव — अर्ध्यावर विचार बदलला की खाडाखोड होते. माझं मत विचारशील तर मेट्रोचा एखादा खांब लांबवर फिका असू दे. त्याच्याशेजारी दगडी खांबाची जाडी अधिक कळते.

३२. एखादं माणूस घाल, पण पुलाच्या मापाने — कठड्याशी उभ्या माणसाच्या कमरेवरून कमानीची उंची समजते. डोकं छोटं, पाय नुसते टेकवलेले, चेहरा नको. घाटावर लाल कपडा वाळत असेल तर तो ठिपका सोडू नकोस.

३३. थांबायचं कधी ते घड्याळाला विचार, मनाला नको — दीड-दोन तासांनंतर ऊन बदलतं आणि पुढचा प्रत्येक फटकारा आठवणीतला असतो. संपलेल्या चित्राला हात नको, उरलेल्या रंगाची कीव नको.

पुस्तकं वाचायची असतील तर आपल्या पुण्याचे मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं आण. त्यात पायरी-पायरीने दाखवलेलं असतं. ती घरी बघ, नदीवर नेऊ नकोस. तिथे पुस्तक उघडलं की पुलाऐवजी पानाची नक्कल होते. आणि एका चित्राने समाधान मानू नकोस. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि त्याच तळ्याकडे वेगवेगळ्या वेळी बघत, रंगवत राहिले. तुझ्याकडे तर पूल आहे, घाट आहे, ओंकारेश्वराचं देऊळ आहे, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरीकडे कुठे जायची गरजच काय?

घरी आल्यावरच्या दोन-चार गोष्टी राहिल्या.

३४. कागदाच्या कडांना लावलेली टेप लगेच ओढू नकोस, चित्र पूर्ण वाळल्यावर कडेपासून बाहेरच्या दिशेला तिरकी, सावकाश काढ — ओल्या कागदाची साल टेपबरोबर निघते.

३५. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यात माउंटची जाडी असू दे, आणि पावसाळ्यात भिंतीला घट्ट चिकटवून टांगू नकोस — ओल धरली की कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, ते जात नाहीत.

३६. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नकोस — काही रंग, जुन्या जातीचा अलिझरिन क्रिमझन त्यांत पहिला, उजेडाने उडतात. आवडता आहे म्हणून वापरायचाच असेल तर निदान चित्र सावलीत राहू दे.

३७. बिघडलेलं चित्र फाडू नकोस, पाठीमागची बाजू कोरी असते — तिथे रंगाच्या मिसळणी करून बघ, शेजारी प्रमाण लिहून ठेव.

३८. प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने तारीख, वेळ, कुठल्या काठावरून आणि नदीला पाणी किती होतं ते लिही — शाई मागून पुढे उतरते, पेन्सिल उतरत नाही. नदीकाठ झपाट्याने बदलतोय. आज तुला दिसणारा घाट, झाडं, पाण्याची धार पुढच्या पिढीला तशीच दिसेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, तेव्हा तुझं चित्र कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एवढं लिहायचा कंटाळा करू नकोस, बाळा.